सीटच्या दांडीवरच्या रेघा

३ फेब्रुवारी, शनिवार

सायकल आणली! भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलीसुद्धा होती, मागचं चाक धरून उतरवून घेतली. तो म्हणाला, ह्यात राहिलंय काय? मी म्हटलं, तुला काय करायचंय.

ताईच्या घराची आवराआवर चाललीय. चोवीस तारखेला ती मुलाकडे निघाली, कायमची. विमानाने बारा तास. मागच्या खोलीत मोडक्या कपाटाआड ही सायकल निघाली, ताईचीच, मग माझी झालेली. ताई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकदा चालवून बघायला हवी होती गं." बस, एवढंच. पण ताई कधी काही मागत नाही, म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. फिजिओथेरपीच्या बाई म्हणतात, सायकल खुशाल चालवा, पण सीट उंच हवी, गुडघा फार वाकता कामा नये. आणि ह्या सायकलची सीट पार खाली, माझ्या मापाला. ताई माझ्याहून वीतभर उंच. म्हणजे सीट वर घ्यायची. त्यात काय, एक नट सैल केला की झालं.

४ फेब्रुवारी, रविवार

नट सैल केला. झालं नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सीटखालची दांडी गंजून फ्रेमच्या नळीत अशी रुतलीय की जणू एकच लोखंड. ओढली, पिळली, खालून ठोकली. ढिम्म! मग हातोडी जरा जोरातच घातली. ह्यांनी आतून विचारलं, सायकलीने तुझं काय घोडं मारलंय? संयम माझ्या स्वभावात नाही हे लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर त्यांना माहीत असायला हवं.

तोवर साफ करायला पेडलं तरी काढू म्हटलं. उजवं निघालं. डावं हलेना.

७ फेब्रुवारी, बुधवार

डावं पेडल हलेना.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पान्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि अक्षरशः लोंबकळले. पाना सटकला, हाताची सालं निघाली. ह्यांनी मलम लावलं. मान खाली घालून, म्हणजे मनातल्या मनात हसत होते.

शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याने हातचं काम न सोडता विचारलं, कुठल्या बाजूला फिरवताय? मी दाखवलं. त्याने हात पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं. "मावशी, डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. तुम्ही चार दिवस ते घट्ट करताय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनी ऐकलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

पाइप लावून उलट्या बाजूला दाबलं. डावं पेडल निघालं. मिनिटभरही लागलं नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दांडी पुसताना नळीच्या तोंडाशी दोन रेघा दिसल्या. विसरलेच होते! ताईने कानशीने केलेल्या. एक रेघ तिच्या उंचीची, दोन रेघा माझ्या. मी कॉलेजला लागले तेव्हा तिने सायकल मला दिली. म्हणाली, मला आता ऑफिसची गाडी न्यायला येते. आठवडाभर तुझी, रविवारी माझी. रेघ बघायची आणि सीट वरखाली करायची, भांडण नको.

आणि मी काय केलं? तोंड फुगवून बसले. कपडे ताईचे, पुस्तकं ताईची, आता सायकलही ताईची उतरण! तिने ऐकलं असणार. बेचाळीस वर्षांनी इथे लिहिते की मला त्याची लाज वाटते.

तिची एक रेघ कुठे दिसत नाही. आत नळीत असणार.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सायकलवाल्याने युक्ती सांगितली. वरून तेल ओतून ते आत जात नाही. सायकल उलटी करायची, पेडलांच्या मधला एक्सल काढायचा आणि त्या भोकातून खालच्या अंगाने तेल सोडायचं, म्हणजे ते दांडीपाशी जाऊन साचतं. एक्सल त्यानेच येऊन काढून दिला. चहासुद्धा उभ्यानेच घेतला. ह्यांनी बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून सायकल उलटी टांगली. मग कंबर धरून आत गेले. माझ्याभोवती माणसं चांगली आहेत. मीच तेवढी चिडकी.

दोन दिवस हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हात लावला नाही! (एकदाच लावला.)

पण दांडी हललेली नाही. सायकलवाला म्हणाला, आता कापून काढू, नवी दांडी बसवू, एका दिवसाचं काम. सात दिवस राहिलेत. डोकं म्हणतं, कापू दे, ताईला चालवायला मिळाल्याशी कारण. पण रेघा कापल्या जातील. मी म्हटलं, अजून काही करता येईल का बघ रे. तो डोकं खाजवत म्हणाला, एक उपाय आहे, पण सायकल दुकानात आणावी लागेल.

१९ फेब्रुवारी, सोमवार

निघाली! निघाली! निघाली!

त्याच्या टेबलाला लोखंडी शिकंजा आहे. सायकल उलटी करून दांडीचं टोक त्यात आवळलं, आणि मग दांडी नाहीच फिरवायची, अख्खी फ्रेम फिरवायची. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. मला वाटलं, आता फ्रेमच मोडणार. मग कट्ट असा आवाज आला, आणि जरा जरा करत फ्रेम फिरायला लागली. मी भर दुकानात रडले. त्याने तिकडे पाहिलं नाही, त्याबद्दल त्याचे वेगळे आभार.

दांडी बाहेर आली आणि गंजात ताईची एक रेघ दिसली. तो म्हणाला, "ही एकदा खाली गेली ती गेलीच. नंतर कुणी वर घेतलीच नाही. दर आठवड्याला हलली असती तर एवढी धरली नसती."

म्हणजे रविवारीसुद्धा ताईने सायकल घेतली नाही. एकदाही नाही. मी रविवारी उशिरापर्यंत झोपायचे. मला वाटायचं, ती एक चक्कर मारून येत असेल.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सीट ताईच्या रेघेवर. ताईला मागच्या गल्लीत नेलं. आधी नको नको, लोक हसतील. मग बसली. ह्यांनी मागून सीट धरली, पण दहा पावलांत तिने त्यांना सोडायला सांगितलं. कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. घंटी वाजवत! समोर कुणीही नसताना!

उतरल्यावर विचारलं, रविवारी का नाही गं घेतलीस कधी? ती म्हणाली, "मला चालायची सवय लागली होती."

सायकलवाल्याला, ह्यांना, फिजिओच्या बाईंना, सगळ्यांना उदंड आयुष्य मिळो. आज मला कुणाचाही राग नाही. भंगारवाल्याचाही नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

काल ताई गेली. निरोपाला तिच्या ऑफिसातली जुनी मैत्रीण आली होती. मी सहज म्हटलं, तुम्ही दोघी ऑफिसच्या गाडीतून जायचात ना? ती म्हणाली, "कसली गाडी? गाडी साहेबांना होती. ही चालत यायची. चार वर्षं."

आज सकाळी सायकल घरी ठेवली आणि ताईच्या जुन्या ऑफिसपर्यंत चालत गेले. एक तास दहा मिनिटं. नुसतं जायला.