येप्पे बासेची गद्दारी

३ सप्टेंबर, मंगळवार
शाळेतून निवृत्त झालो, भूगोल सुटला. आता इतिहास. ख्रिसमसच्या आत पुस्तक.
विषय पक्का. १६५८ च्या हिवाळ्यात समुद्र गोठला आणि स्वीडिश फौज बर्फावरून चालत डेन्मार्कात शिरली, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण आमच्या ब्रेनविगची वाट त्यांना दाखवली कुणी? म्हणजे गद्दार होता. गद्दार होता म्हणजे शूरही कुणीतरी असणार. शूर बहुधा क्रोग, म्हणजे आमच्यातला. आता फक्त पुरावे गोळा करायचे राहिले.

८ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये प्रवचनाकडे लक्ष नव्हतं. भिंतीवरच्या जुन्या चित्रात मशालवाला माणूस आहे. नाक आमचंच! आमचा पूर्वज ओलुफ क्रोग गावाला इशारा देतोय. कन्फर्म.
इंगेलिस म्हणाली, "तसलं नाक पाद्रीबाईंनाही आहे."
बायको चांगली आहे. दृष्टी नाही.

१४ सप्टेंबर, सकाळ
कबरस्तान. येप्पे बासे, मृत्यू १६६१. खाली एका शब्दाचं नुसतं 'फॉर' उरलंय, पुढचं पावसाने खाल्लं. आमच्या भाषेत गद्दार म्हणजे 'फॉरेदर'. अंगावर काटा आला.
इंगेलिस म्हणाली, आईबापांना 'फॉरेल्द्रे' म्हणतात, तेही 'फॉर'नेच सुरू होतं. "आणि कबरीवर कुणी शिवी कोरतं का रे? उगाच ध चा मा करू नकोस."
म्हटलं, काळच कडक होता.
अडचण एकच. येप्पे हा होल्गरचा पूर्वज. होल्गर म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारी, तरुणपणापासूनचा मित्र. रोज सकाळी धक्क्यावरून आम्ही दोघं समुद्रात उडी मारतो. पण सत्यापुढे मैत्री म्हणजे... वाक्य नंतर पूर्ण करीन.

२१ सप्टेंबर
साप्ताहिकात लेख आला. फोटोसकट, खाली माझं नाव: पाले क्रोग. 'ब्रेनविगचा गद्दार: येप्पे बासे'.
होल्गर पोहायला आला नाही. निर्दोष माणूस पोहायला येतो. हा पॉइंट पुस्तकात घ्यायचा.

२ ऑक्टोबर
संग्रहालयात दिवसभर रिसर्च. येप्पेच्या गद्दारीबद्दल एक अक्षर नाही. एकही नाही! म्हणजे बासे मंडळींनी सगळं पद्धतशीर नष्ट केलं.
येताना रागनहिल्ड आत्याकडे. वय एक्याण्णव, पण डोकं तल्लख. विचारलं, "आत्या, येप्पे गद्दार होता हे तू लहानपणापासून ऐकलंयस ना?"
"हो रे बाळा, चांगलं आठवतंय."
लिहून घेतलं. इंगेलिसही तिथे आली होती, तिला मध्ये बोलायची खोड. म्हणाली, कुणाकडून ऐकलंत?
"कुणाकडून म्हणजे? आपल्या पालेनेच तर पेपरात लिहिलंय!"
हा भाग गाळायचा. वयोमानाने असं होतं.

९ ऑक्टोबर
पुस्तकाला बसलो, उठलो. पुन्हा बसलो. धक्क्यावर जाऊन आलो. पाण्यात उतरलो नाही.
बेकरीत होल्गरची बायको टोवे पाव घेत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "यांना स्वीडिश पाव द्या हो, घरचाच आहे." सगळे हसले. मीही हसलो, थोडासा. टोवेने माझ्याकडे पाहिलं आणि पाव न घेता गेली.
होल्गरने बंदर-मंडळाचं अध्यक्षपद सोडलं म्हणे. लोक पाठीमागे बोलतात म्हणून. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट! माणसाने इतकं हळवं असू नये.
जेवण गेलं नाही. हेरिंग मासळी जास्त खारट होती. इंगेलिस म्हणते, नेहमीचीच आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
सभागृहात माझं व्याख्यान. खुर्च्या कमी पडल्या. मशालवाल्या ओलुफचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं. टाळ्या.
मग संग्रहालयाच्या बोडिल याकोबसेन उठल्या. बाई आवाज चढवत नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "क्रोगसाहेब, हे चित्र त्या युद्धाच्या दीडशे वर्षं आधीचं आहे. आणि हा येशूला पकडायला आलेला शिपाई. त्याच्या शेजारी येशूला दगा देणारा ज्यूडास दिसतोय ना?"
हशा. थांबेचना.
मग त्यांनी येप्पेच्या थडग्याचा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. तेव्हा अक्षरं शाबूत होती. 'प्रिय आईबापांच्या शेजारी.'
"तुम्ही विचारलं असतंत तर काढून दिला असता," म्हणाल्या.
मी गद्दारीचा पुरावा मागितला होता. आईबापांचा कशाला मागेन?
पाणी प्यायलो. आभार मानले. कोट तिथेच राहिला.

१९ ऑक्टोबर
सकाळपासून येरझाऱ्या. इंगेलिस म्हणाली, जमीन झिजेल, त्यापेक्षा शेजारी जा.
गेलो. होल्गरने दार अर्धंच उघडलं. दाढी वाढलेली. मी घाईघाईने सांगितलं, येप्पे गद्दार नव्हता, भला माणूस होता, सगळं सिद्ध झालंय.
"कोण म्हणतं?"
"मी म्हणतो ना."
"गद्दार होता हेही तूच म्हणालास. माझी नात शाळेच्या बसमध्ये बसत नाही, पाले. तिला जाऊन सांगणारेस?"
म्हटलं, सांगतो की. पेपरातही देतो.
"आधी तिला," म्हणाला. आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.
घरी आलो. इंगेलिसने विचारलं, काय म्हणाला?
म्हटलं, "तसा मनाने मोठा आहे. मिटलं जवळजवळ."
तिने माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि टोवेला फोन लावला.