सुनावणीतला आवाज

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त आई कुरकुरते. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. वहिनी सांगत होती, तू फोन कपाटात कपड्यांखाली कोंबून ठेवलायस. तेव्हा मला हसू आलं होतं.

वित्त नियामकांनी आपल्या पेढीचा परवाना रद्द केला, त्या अपिलाची काल तारीख होती. वकीलसाहेब खुशीत होते. अख्खा निकाल बाबांच्या फोनवरच्या कबुलीवर उभा, आणि नियामकांची ती फोनवरची सुनावणी बाबा गेल्यानंतरची! "मेलेला माणूस कबुली देतो कशी?" म्हणत त्यांनी टेबलावर हात आपटला. न्यायाधीशबाईंनी शांतपणे ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं.

आवाज बाबांचाच. "ठेवीदारांचे पैसे मी घर बांधायला वापरले. मुलांना माहीत नाही. घर विका, ज्याचे त्याला परत करा." मग बाबांचा तो ओळखीचा खोकला.

मी घाबरले नाही. बाबांची वाचा गेल्यापासून ठेवीदारांचे फोन तूच त्यांच्या आवाजात घ्यायचास. ते शेजारच्या खुर्चीत मान हलवत बसायचे. खोकला तर तू असा काढायचास की आई आतून औषध घेऊन धावायची. ते गेल्यावरही तू त्यांच्या आवाजात बोलणं सोडलं नव्हतंस. वाटलं, हा तूच, आणि भलतंच काही बोलून बसलास.

नंतर वकीलसाहेबांनाही मी एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "झालं तर मग! पुढच्या तारखेला शपथेवर सांगा, आवाज भावाचा आहे. निकाल रद्द, परवाना परत, घर वाचलं. भावाला थोडा त्रास होईल, तो बघून घेऊ." आई तर भिंतींना कुठला रंग द्यायचा ते ठरवायला लागलीय.

मघापासून एक गोष्ट लिहायची टाळतेय.

खोकल्यानंतर मागून दुसरा आवाज आला. "बाबा, पुरे. फोन द्या इकडे." तो तुझा होता, दादा. तुझा स्वतःचा, लहानपणी अंधारात मला हाका मारायचास तसा रडवेला. आणि पहिला आवाज थांबला नाही. तू विनवत होतास आणि ते बोलत होते, दोन्ही एकाच वेळी. कोर्टात तुझा आवाज कोण ओळखणार? वकीलसाहेब म्हणाले, कुणी कारकून असेल.

त्या फोनवरच्या सुनावणीच्या दिवशीच तू घर सोडलंस. जाताना बाबांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलीस. आम्हाला वाटलं, रागाने. आज मी ती सरळ केली. बैठक कोमट लागली. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

भीती वाटते रे. पण त्याहून जास्त लाज वाटते. तू फोनवर "पैसे अगदी सुरक्षित आहेत" म्हणायचास तेव्हा बाबा मान हलवायचे, ते 'हो' म्हणून नव्हतं. आपण हसत होतो. आणि आता त्यांना गप्प करायला आपण वकील लावलाय.

मी शपथेवर सांगणार आहे, आवाज बाबांचा आहे. वेडी ठरवतील, अपील पडेल, घर जाईल. जाऊ दे. तू ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. फोन कुणाच्या हातात होता ते फक्त तू पाहिलंयस.

आईला अजून काही बोललेले नाही. तिने आज सकाळी त्या खुर्चीजवळ औषध नेऊन ठेवलंय.

तुझीच, पण या खटल्यात बाबांच्या बाजूची,
धाकटी