सीटबेल्टचा बोल्ट

मंगळवार, ४ मार्च

आणि तरीही आवाज आहेच! म्हणजे काल जे केलं ते सगळं पाण्यात. गाडी बंद असताना काही नाही. चालू केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीही चढते. गाणं लावलं तर त्याच्यामागे कोणीतरी सतत कुरकुर करतंय असं वाटतं.

गाडी माझी असती तर चाललं असतं. ताईची आहे. ॲम्प्लिफायर बसवून देतो म्हणून महिनाभर मीच तिच्या मागे लागलो होतो. भाऊजींचं सरळ नाही होतं — चांगल्या चालत्या गाडीला हात कशाला लावायचा? ताई म्हणाली, "करू दे त्याला. त्याचा हात बसलाय."

कसला बसलाय! व्हिडिओ बघून फक्त दोन गाड्या केल्यात. हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

गुरुवार, ६ मार्च

गाण्याचा सिग्नल ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारी वायर बॅटरीच्या वायरीला चिकटून नेली होती. एकदम बेसिक चूक. अख्खं कार्पेट उचकटून दुसऱ्या बाजूने नेली. फरक शून्य.

ताईची मुलगी — तीन वर्षांची, आम्ही ठकी म्हणतो — मागच्या सीटवरून म्हणाली, "मामा, गाडी रडते." भाऊजी नुसते हसले. बोलले असते तर कमी लागलं असतं. उगाच या फंदात पडलो.

शनिवार, ८ मार्च

गेला!!!

अर्थिंगचा प्रॉब्लेम होता. ॲम्प्लिफायरची अर्थची वायर मी डिकीतल्या पातळ पत्र्याला मारली होती, तीही रंगावरच. जाड, थेट बॉडीत गेलेलं लोखंड हवं होतं. मागच्या सीटखाली एक दणकट बोल्ट सापडला, सीटबेल्टचा. खोलला, खालचा रंग खरवडला, वायरीचं टोक मध्ये घातलं, आवळला. शिट्टी गायब!

भाऊजी स्वतः एक चक्कर मारून आले. "मानलं बुवा," म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू परीक्षेत तीच पास झाली.

सोमवार, १७ मार्च

गाडी मस्त. ताई खूश.

बुधवार, १९ मार्च

वायरिंगवाल्या काकांच्या गॅरेजवर गेलो होतो. खरं सांगायचं तर भाव खायला. शिट्टी कशी घालवली ते सांगत होतो. अर्थ कुठून घेतला, त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"तो बोल्ट वायरीसाठी नाही रे. तो माणसाला धरून ठेवतो."

मग विचारलं, तिथे कोण बसतं?

ठकी. तिची छोटी खुर्ची त्याच बेल्टने बांधलेली असते.

काका ओरडले नाहीत. मध्ये वायरीचं टोक आलं की बोल्ट पूर्ण बसत नाही, धक्क्यांनी सैल होत जातो, एवढंच समजावलं. ताईला फोन करून खोटं बोललो — थोडं सेटिंग राहिलंय, गाडी दे.

पाना लावायच्या आधीच बोल्ट माझ्या बोटांनी फिरला. पूर्ण दोन फेरे.

अकरा दिवस. रोज बालवाडी, रोज तो मोठा रस्ता, आणि ताईला ब्रेक उशिरा मारायची सवय.

काकांनी नवीन बोल्ट घालून पक्का आवळला. अर्थ दुसरीकडे दिला. आवाज तरीही नाही. म्हणजे त्या बोल्टला हात लावायची गरजच नव्हती. अर्धा तास शोधलं असतं तर जागा सापडली असती. मला घाई होती. भाऊजींना दाखवायचं होतं ना.

शुक्रवार, २१ मार्च

ताईला सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ठकीचा घडी घातलेला फ्रॉक तिने उलगडला, परत घडी घातली. मग म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. करू दे म्हणणारी मीच होते."

आता बोल्ट पक्का आहे, काकांनी स्वतः केलाय, असं मी दोनदा सांगितलं. ती हो म्हणाली. संध्याकाळी बघितलं तर ठकीची खुर्ची तिने दुसऱ्या बाजूला बांधली होती.

रविवार, २३ मार्च

भाऊजींनी आज जेवताना सगळ्यांसमोर स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "आता माझीही कर. मीच चुकलो होतो." ताईने ताटातून वर बघितलं नाही.

किल्ली माझ्याकडे आहे. सांगितलं तर ताई खोटी पडते. नाही सांगितलं तर याच खोट्या कौतुकावर उद्या त्यांचीही गाडी उघडायची.