साहेबांना दोन स्ट्रोक

२ जानेवारी, गुरुवार
नवे जी.एम. नरहरिरेड्डी साहेब आज कारखान्यात रुजू झाले. पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं, इथे गोल्फ कोण खेळतं? माझा हात वर गेला. कसा गेला मला माहीत नाही, पण गेला. साहेब खूश. म्हणाले, संडेला भेटू, शरदचंद्र. माझं अख्खं नाव घेणारा अकरा वर्षांतला हा पहिलाच जी.एम.

प्रमोशनची लिस्ट ३१ तारखेला. जूनमध्ये मी रिटायर. म्हणजे चीफ मॅनेजर व्हायचा हा शेवटचाच चान्स. समोर पर्चेसमधला राघवेंद्र आहे, नऊ वर्षांनी लहान. त्याने हात वर केला नाही. बिचारा.

३ जानेवारी, संध्याकाळ
गोल्फचे व्हिडिओ पाहिले. अकरा. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. त्यात बॉल पडला की पाय वाळूत रोवायचे, स्टिकचं तोंड उघडं ठेवायचं आणि बॉलला न मारता त्याच्या दोन इंच मागे वाळूला मारायचं. वाळू उडते, तिच्यासोबत बॉल बाहेर. होलभोवतीच्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथे गवताचा कल बघून हळूच ढकलायचा. सोपं आहे. लोक उगाच वर्षानुवर्षं घालवतात.

विनोदिनीने विचारलं, या वयात हे काऊन? म्हटलं, चीफ मॅनेजरीणबाई व्हायचंय ना? ती म्हणाली, तुमाले व्हायचं आहे, मले नाही. पण हसली.

५ जानेवारी, रविवार
घात झाला. चूक माझी नाही, हे आधी लिहून ठेवतो.

कॉलनीच्या मागे सहा होलचं मैदान. तीनदा फिरलं की अठरा. आदिलाबादच्या उन्हाळ्यात गवत टिकत नाही, म्हणून होलभोवती गवताऐवजी वाळूचा गोल. इंजिनचं जळकं तेल मिसळून, दाबून सपाट केलेला. त्याला इथे ब्राउन म्हणतात. हे अकरापैकी एकाही व्हिडिओत नव्हतं!

माझा बॉल पंधराव्या फटक्याला वाळूत गेला. वाळू दिसली म्हणजे बंकर. पाय रोवले, तोंड उघडलं, दोन इंच मागे हाणला. टेक्निक एकदम फर्स्ट क्लास. पाव ब्राउन साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

शकुबाई रोज सकाळी लोखंडी पाइप ओढून हे ब्राउन सपाट करते. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, अगा माय, मी पहाटपासून सारवून राह्यली अन् तुमी तं खोदूनच ठेवलं! साहेब रुमालाने शर्ट पुसत ‘सरे, सरे’ म्हणाले. तेलुगूत याचा अर्थ ‘ठीक आहे’ होतो. राघवेंद्रने धावत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं. याला चमचेगिरी म्हणतात.

निष्कर्ष: फटका बरोबर होता. जागा चुकली.

६ जानेवारी
नियमांचं पुस्तक ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं. खेळ काय, कोणालाही येतो. नियम येणारा माणूस साहेबांच्या लक्षात राहतो.

८ जानेवारी
संकल्प: रोज सकाळी सहाला बंकरमध्ये पन्नास बॉल.

९ जानेवारी
थंडी. उद्यापासून.

१० जानेवारी
वाळू दवाने ओली असते. ओल्या वाळूत सराव केला तर हाताला चुकीची सवय लागते. रविवारपासून.

१२ जानेवारी, रविवार
बंकरमध्ये चौदा फटके. वाळू बाहेर आली, बॉल आला नाही. शकुबाई काठावर उभी राहून बघत होती. म्हणाली, साहेब, तुमी वाळूले काऊन मारून राह्यले, बॉलले मारा ना. तिला शास्त्र समजावून सांगितलं, की बॉलला मारायचंच नसतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, तेच तं, म्हणून थो बसला आहे ना तिथंच.

वैताग! आमच्या इथली वाळू नाल्याची, जाडीभरडी. व्हिडिओतली वाळू मैद्यासारखी. दोष वाळूचा आहे.

१४ जानेवारी
साहेबांकडे तिळगूळ घेऊन गेलो. बंकरमध्ये बॉल खेळण्यालायक नसेल तर काय काय करता येतं, यावर पाऊण तास बोललो. आत टाकला तर एक दंड, बाहेर काढला तर दोन. साहेबांनी दोनदा जांभई दिली. लवकर उठणारा माणूस आहे.

१९ जानेवारी, रविवार
आज ब्राउनवर पाच वेळा ढकलूनही बॉल होलमध्ये जाईना. तेल लागून काळा झाला होता, लाडवासारखा. मग साहेबांची पाळी. इथली पद्धत अशी, की ढकलण्याआधी बॉलपासून होलपर्यंत पाइप ओढून रस्ता गुळगुळीत करून घ्यायचा. मी हरकत घेतली. बॉलचा रस्ता असा सुधारता येत नाही, नियम आहे. पुस्तकात पान शोधेपर्यंत सगळे उन्हात उभे. साहेब म्हणाले, हा लोकल रूल आहे. मी विचारलं, लेखी आहे का? राघवेंद्रने तिथेच कागदावर लिहून साहेबांची सही घेतली.

मी मुद्दा सोडला नसता, पण विनोदिनीने जेवायला बोलावलं होतं.

२५ जानेवारी
उद्या सव्वीस जानेवारी कप. मी साहेबांच्याच ग्रुपमध्ये! तिसऱ्या आमच्या दवाखान्याच्या डॉ. अश्विनी. विनोदिनीने शर्टाला कडक इस्त्री केली. म्हणाली, तोंड बंद ठेवा, बाकी सगळं होते. माझ्या बायकोला गोल्फ कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार
आज झोप येणार नाही. पण आनंदाने.

माझा स्कोअर १८४. बंकर सोडले तर बराच कमी. शेवटच्या होलला साहेब अश्विनीबाईंच्या पुढे होते. साहेबांचा बॉल बंकरमध्ये गेला. त्यांनी हवेत स्टिक फिरवून बघितली आणि ती वाळूला टेकली. बारीकशी रेघ उमटली. फक्त मीच पाहिली. नियम १२.२: बंकरमध्ये सरावाचा झोका वाळूला लागला तर दोन स्ट्रोक दंड, म्हणजे मोजणीत दोन फटके जास्त, आणि जिंकतो तो कमी फटकेवाला.

बोलू की नको? मग आठवलं, सकाळी झेंडावंदनाला साहेबच म्हणाले होते, शिस्त पहिली, माणूस नंतर. म्हणजे ही परीक्षाच. मोठ्याने नियम वाचून दाखवला, सगळा क्लब ऐकत होता. साहेबांनी वाकून रेघ पाहिली. मग म्हणाले, करेक्ट. व्हेरी करेक्ट.

एका स्ट्रोकने जिंकणारे साहेब एका स्ट्रोकने हरले. कप अश्विनीबाईंना. मीही वाळूला स्टिक टेकवली असेल सात-आठ वेळा, पण ती घाईत. घाईत हेतू नसतो.

अशा सच्च्या माणसाला चीफ करणार नाहीत तर कोणाला?

२८ जानेवारी
कँटीनमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. आदर.

३० जानेवारी
साहेब कॉरिडॉरमध्ये भेटले. मान हलवली नाही. लिस्ट गोपनीय असते, म्हणून.

३१ जानेवारी, शुक्रवार
राघवेंद्र.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. म्हणाले, नियम जाणणारा माणूस क्लबला हवाच, जूनपर्यंत तुम्ही आमचे रेफ्री. रेफ्रीला खेळता येत नाही. तेव्हा तुमच्या स्टिक राघवेंद्रला द्या, त्याला आता गोडी लागली आहे. मी ‘थँक यू सर’ म्हटलं. काऊन म्हटलं, देव जाणे.

घरी आलो. विनोदिनीने दारातच चेहरा पाहिला. तिला सांगितलं, मला रेफ्री केलं, मोठा मान आहे. ती म्हणाली, हो ना, हातपाय धुऊन घ्या, ज्वारीची भाकर टाकते.

बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभा होतो. डोळ्यांत वाळू गेली, असं इथे लिहिणार होतो. पण आज मी मैदानावर गेलोच नव्हतो.