निम्म्यात तुटणारी फाइल

३ जून
आलो एकदाचे नव्या घरात! लंबूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पोटमाळ्याला डोकं आपटून घराशी ओळख करून घेतली. मला खिडकीजवळची खोली मिळाली. काम तेच: डॉक्टरांनी पाठवलेल्या ऑपरेशनच्या चित्रफिती कापायच्या, जोडायच्या आणि ऑफिसच्या सर्व्हरवर चढवायच्या. पडद्यावर कुणाचं तरी यकृत असलं तरी मी मजेत जेवते. लंबू ताट उचलून दुसऱ्या खोलीत पळतो.

५ जून
डोक्याला ताप. फाइल निम्मी जाते आणि कनेक्शन तुटतं. ऑफिसच्या मॅडमची बोलणी खाल्ली. धाकटा दीर नेटवर्कचंच काम करतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, फाइल जायला-यायला वेगळी दारं लागतात, ती तुमच्या राउटरने बंद ठेवलीत. मी आकडे सांगतो तेवढीच उघडा, तीही फक्त ऑफिससाठी. एवढे आकडे कोण टाकत बसणार? मी सगळीच उघडली, सगळ्यांसाठी. वर ‘तुटल्यास आपोआप पुढे चालू’ यावरही खूण केली. फाइल सुळकन गेली! लंबूला म्हटलं, बघ तुझ्या बायकोची अक्कल.

८ जून
सकाळी एक फाइल आपणहून यायला लागली. ऑफिसची असेल म्हणून येता येताच उघडली. डावा पाय, घोट्यावर करवत. भूल नाही, हातमोजे नाहीत. पाय झटके देत होता. घोट्याच्या वर भाजल्याचा जुना डाग, लंबूच्या पायावर आहे तसाच.

तेवढ्यात न्हाणीघरातून लंबूची किंकाळी. धावले. घोटा हाडापर्यंत चिरलेला, फरशीभर रक्त, आसपास धारेचं काहीच नाही. चीर माझ्या डोळ्यांदेखत खोल जात होती. काय सुचलं कोण जाणे, परत धावले आणि राउटरची पिन उपटली. फाइल निम्म्यात थांबली. चीरही थांबली.

हॉस्पिटलात टाके घातले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, करवत कुणी चालवली?

९ जून
दिराला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, आधी ती दारं बंद करा. त्यासाठी राउटर चालू करावा लागला. दारं बंद केली, पण फाइल सरकायला लागली होती. जिथे थांबली होती तिथून पुढे. खूण मीच केली होती ना.

पिन काढली. तरी सरकली. हातोड्याने राउटरचा भुगा केला. तरी हिरवा दिवा—

हॉस्पिटलातून नर्सचा फोन. टाके एकेक करून आपोआप उसवले. ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला. पाऊल तिच्या हातात गळून पडलं.

मी केलं हे. माझ्या आळसाने.

१० जून
आणखी दोन फाइली. रांगेत.
पहिली उजवा हात. मनगटावर माझंच घड्याळ.
मागची लंबूची मान.

पडद्यावर लिहिलंय, एका वेळी एकच चालते. माझी पुसली किंवा मध्येच तुटली, की त्याची सुरू. म्हणून पुसली नाही.

दीर बाहेर खांबावर चढलाय, घरात येणारी तारच तोडायला. ती तुटली की दोन्ही थांबतील. तेवढा वेळ हवा—

सुरू झालं. डाव्या हाताने लिहितेय. हाड दिसतंय. टेबलावरून रक्त— ओरडत नाही, दीर काम टाकून खाली येईल—

निम्मी झाली. थांबतेय. तार अजून शाबूत आहे, कनेक्शनच परत—

नको. आत्ता नको ना तुटू. मागे लंबू आहे. चालू रा