तळाच्या खरवडीचा ढीग पंचनाम्याआधी हलविणेबाबत

दिनांक : २५ मे २०२३, गुरुवार

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
नांदरूख तलाव उपविभाग,
मु. नांदरूखवाडी, जि. सातारा.

विषय : शिडाच्या होडीच्या तळावरून खरवडून काढलेल्या जुन्या रंगाचा ढीग, तलावाचे पाणी त्यास लागण्यापूर्वी उचलण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ४ मे चा अर्ज. २) अर्जदाराचा दि. १६ मे चा अर्ज. ३) आपल्या कार्यालयाचा दि. १९ मे चा 'जैसे थे' आदेश.

महोदय,

१. अर्जदार दीपमाला आप्पासो खबाले, वय ४७, ही नांदरूखवाडीची कायमची रहिवासी असून इस्लामपूर येथील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एकवीस वर्षे सहायक म्हणून काम करते. याच विषयावरचा तिचा हा तिसरा अर्ज आहे. आधीच्या दोन्ही अर्जांत अर्जदाराचा एकेक शब्द चुकला. पहिला फार मऊ होता, दुसरा फार कडक. या वेळी प्रत्येक शब्द तपासून लिहिला आहे. अर्ज वाचण्यास सात-आठ मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात तलावाचे पाणी ढिगाच्या दिशेने सुमारे दोन सेंटिमीटर पुढे सरकेल, हे कृपया ध्यानात असावे.

२. नांदरूख तलावावर गेल्या वर्षापासून एक जलविहार केंद्र चालते. केंद्राने मार्चमध्ये कोकण किनाऱ्यावरून एक जुनी शिडाची होडी विकत आणली. समुद्रात उभ्या राहणाऱ्या होडीच्या पाण्याखालच्या भागाला शिंपले व शेवाळ धरू नये म्हणून वेगळा रंग देतात. तो शोभेसाठी नसतो. त्यात तांब्याची संयुगे मुद्दाम घातलेली असतात. ती हळूहळू पाण्यात उतरतात आणि चिकटू पाहणाऱ्या जिवांना मारतात. वर्षानुवर्षे असे थरावर थर बसत जातात. नवा रंग धरण्यासाठी हे जुने थर काढावे लागतात, त्यामुळे रंग काढण्यास अर्जदाराची हरकत नाही. हरकत आहे ती जागेला आणि पद्धतीला.

३. त्या वेळी उन्हाने पाणी बरेच मागे हटले होते. होडी उघड्या पडलेल्या तलावाच्या तळावरच दगडांवर टेकवून दि. २९ एप्रिल ते २ मे या चार दिवसांत रंग काढण्यात आला. हे काम अर्जदाराचे थोरले बंधू केरबा, जे सैन्यातून निवृत्त झाले आहेत, आणि गावातील अंजना व आणखी एक महिला यांनी रोजंदारीवर केले. हत्यार म्हणून भांगलणीची खुरपी वापरली. रंग ओला करून खरवडला असता तर धूळ उडाली नसती, परंतु तो कोरडाच खरवडला. अर्जदाराने बंधूंना तोंडाला पट्टी बांधण्यास सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आगं दीपा, बर्फात अकरा वर्सं काढली मी. आता रंगाला भिऊन तोंड बांधू व्हय?" तिसऱ्या दिवसापासून त्यांना खोकला आहे. तो अद्याप गेलेला नाही.

निघालेल्या कपच्या व भुकटी यांचा ढीग अंदाजे बावीस किलोंचा असून तो होडी जिथे होती तिथेच आहे. तेथून चौतीस मीटरवर जॅकवेल, म्हणजे तीन गावांचे पिण्याचे पाणी ज्या विहिरीतून उपसले जाते ती विहीर आहे. तलाव भरला की ढिगाची जागा पाण्याखाली जाते.

४. अर्जदाराने ढिगातील चिमूटभर भुकटी सौम्य नत्राम्लात विरघळवून गाळून घेतली व त्यात अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घातले. गडद निळा रंग आला. ही तांब्याची खूण आहे आणि अकरावीच्या मुलांनाही ती ओळखता येते. शिसे व कथिल यांची खात्रीशीर तपासणी अर्जदाराच्या प्रयोगशाळेत होत नाही, म्हणून ते आहेत असे अर्जदार म्हणत नाही आणि नाहीत असेही म्हणत नाही.

५. पहिल्या शब्दाबाबत. काम चालू असताना अंजना हसत म्हणाली होती, "दूध करपल्यावानी लागलीया बुडाला! नुसती खरवड निघतीया बाई." त्या दिवसापासून ढिगाला सगळेच खरवड म्हणू लागले. दि. ४ मे चा अर्ज सर्वांना समजावा म्हणून अर्जदारानेही तोच शब्द घेतला आणि विषयात 'होडीच्या तळाची खरवड उचलणेबाबत' असे लिहिले. आपल्या कार्यालयाने, विषयापलीकडे अर्ज वाचण्याची गरज न वाटल्यामुळे असेल, तो अन्नभेसळ तपासणाऱ्या एका कार्यालयाकडे वर्ग केला. त्या कार्यालयाचे पत्र अर्जदारास दि. १५ मे रोजी मिळाले. त्यात 'सदर खरवड दुधाची आहे की भाताची, ती विक्रीसाठी ठेवली होती काय, व ती खाऊन कोणास बाधा झाली काय' याचा खुलासा सात दिवसांत मागितला होता. खुलासा त्याच दिवशी पाठविला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'अद्याप नाही' असे दिले आहे.

या चुकीची जबाबदारी अर्जदार स्वतःकडे घेते. ज्या शब्दाने तोंडाला पाणी सुटते तो शब्द विषाला लावायला नको होता. यात अकरा दिवस गेले.

६. दुसऱ्या शब्दाबाबत. दि. १६ मे च्या अर्जात अर्जदाराने 'खरवड' टाळून 'विषारी पदार्थ' असे लिहिले. आवक कक्षातील कारकुनांनी अर्ज हातात घेऊन विचारले, "बाई, मागं तुमी खायचं म्हनला, आता इख म्हनताय. एक काय ते ठरवा की!" खोलीतील सगळे हसले. अर्जदारही हसली, कारण पोच घ्यायची होती.

या अर्जावर मात्र आपल्या कार्यालयाने तीनच दिवसांत कार्यवाही केली, याबद्दल अर्जदार खरोखर आभारी आहे. विषारी पदार्थ हा पुरावा ठरत असल्याने पंचनामा होईपर्यंत ढीग 'जैसे थे', म्हणजे आहे त्या जागी ठेवावा, कोणीही त्यास हात लावू नये, लावल्यास फौजदारी कारवाई होईल, असा आदेश निघाला. पंचनामा सोमवार, दि. २९ मे रोजी ठरला. ढीग उचलावा म्हणून केलेल्या अर्जानेच ढीग उचलणे गुन्हा झाला.

केंद्राचे व्यवस्थापक विश्वजीत हे पहिल्या दिवसापासून "उद्या उचलतो" म्हणत होते. आदेशानंतर अर्जदार त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "म्याडम, आता ती सरकारी खरवड हाय. हात लावला तर मी आत आन् तुमी भायेर." त्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत प्रथमच समाधान दिसले.

७. दि. ८ मे पासून वरच्या धरणाचे पाणी कालव्याने या तलावात सोडले जात आहे. अर्जदार रोज सकाळी सहा वाजता पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकते आणि तेथून ढिगापर्यंतचे अंतर टेपने मोजते. पाणी सोडण्यापूर्वी ते ७४ मीटर होते. अन्नभेसळीचे पत्र मिळाले त्या दिवशी ४७. दुसरा अर्ज दिला त्या दिवशी ४३. 'जैसे थे' आदेश निघाला त्या दिवशी ३१. आज सकाळी ७.६ मीटर आहे. पाणी दिवसाला सरासरी ३.९ मीटर पुढे येते आणि गेल्या सतरा दिवसांत या वेगात म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही. या हिशेबाने पाणी शनिवार, दि. २७ मे रोजी सकाळी ढिगास लागेल. शनिवार व रविवार कार्यालयास सुटी आहे. सोमवारी पंच येतील तेव्हा पंचनाम्यासाठी तेथे पाणी असेल.

८. आदेशाप्रमाणे ढिगावर पहारा म्हणून चौकीदार बिराप्पा यांची नेमणूक झाली. ते इमानदार गृहस्थ आहेत. ढीग आणि पाणी यांच्या मध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ते दिवसभर बसतात व कोणासही जवळ येऊ देत नाहीत. पाणी खुर्चीच्या पायांना लागल्यामुळे त्यांनी आतापर्यंत दोनदा खुर्ची मागे सरकवली. खुर्ची हलवण्यास आदेशाची गरज नाही. अर्जदाराने त्यांना विचारले, पाणी ढिगात शिरू लागले तर काय कराल? ते म्हणाले, "मानसं आडवायला सांगितल्यात बाई. पान्याचं न्हाई सांगितलं काय."

९. बावीस किलो रंग पाण्यात गेल्यास किती जणांना काय होईल, हे अर्जदार सांगू शकत नाही. कदाचित पाण्याच्या मोठ्या साठ्यात तो विरून जाईल व कोणास काही कळणारही नाही. कदाचित भुकटी जॅकवेलच्या तोंडाशी साचेल व महिनोन्‌महिने थोडी थोडी उपसली जाईल. तांबे उकळून जात नाही. ग्रामपंचायत टाकते त्या ब्लीचिंग पावडरीने रोगजंतू मरतात, धातू जात नाहीत. आज ढीग कोरड्या जमिनीवर आहे, तो एका सकाळीत उचलता येतो. शनिवारनंतर तो कोणालाही, कोणत्याही आदेशाने उचलता येणार नाही. अर्जदाराचे सगळे म्हणणे एवढेच आहे.

अर्जदाराने दि. ४ मे रोजी अर्ज न लिहिता घमेले घेतले असते, तर हा प्रश्न दुपारच्या जेवणाआधी संपला असता. परंतु नोंद केल्याशिवाय कशास हात लावू नये, असे ती एकवीस वर्षे मुलांना शिकवत आली आहे.

१०. सबब, दि. १९ मे च्या आदेशात 'ढीग आहे त्या जागी' याऐवजी 'ढीग आहे त्या स्थितीत' एवढा बदल करावा व तलाव भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेषेच्या वर तो हलवण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. त्यासाठी एका ओळीची दुरुस्ती व आपली सही पुरेल. पंचनामा मग सोमवारी ठरल्याप्रमाणे होऊ शकेल.

११. उद्या शुक्रवार, दि. २६ मे रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत असे उत्तर न आल्यास अर्जदार साडेपाच वाजता ढीग स्वतः उचलेल, हे आपणास आगाऊ कळवीत आहे. भुकटीवर आधी हलके पाणी मारले जाईल. ढिगाखालची पाच सेंटिमीटर मातीही काढली जाईल. सर्व माल तोलून, झाकणाच्या दोन पिंपांत बंद करून, सोमवारी सकाळी दहा वाजता आपल्या कार्यालयाच्या दारात पंचांसमोर हजर केला जाईल. हा गुन्हा ठरत असल्यास प्रस्तुत अर्जच अर्जदाराचा कबुलीजबाब समजावा. वेगळा जबाब घेण्यात वेळ घालवू नये.

बिराप्पा यांनी अर्जदारास अडवल्यास ते त्यांचे कर्तव्य असेल, त्यांच्यावर ठपका ठेवू नये. बंधू केरबा यांचा यात संबंध नाही. त्या सायंकाळी घराबाहेर पडायचे नाही असे अर्जदाराने त्यांना बजावले आहे. ते ऐकतील याची खात्री नाही, कारण काल त्यांनी न विचारता दोन्ही पिंपे धुऊन उन्हात पालथी घातली, आणि आज सकाळी, पहिल्यांदाच, तोंडाला पट्टी कशी बांधायची असे विचारले.

आपली नम्र, व उद्या पाचपर्यंत आपल्या सहीची वाट पाहणारी,

(सही)
दीपमाला आप्पासो खबाले
मु. नांदरूखवाडी, जि. सातारा

सोबत :
१) दि. ४ मे व १६ मे च्या अर्जांच्या पोचपावत्या.
२) अन्नभेसळ तपासणाऱ्या कार्यालयाचे पत्र व खुलाशाची प्रत.
३) दि. ८ मे पासून रोजच्या अंतराचा तक्ता.
४) ढिगातील नमुना, दहा ग्रॅम, काचेच्या बाटलीत. बाटलीवर 'खाण्याचा पदार्थ नाही' अशी चिठ्ठी लावली आहे.

ता. क. : अर्ज देण्यास निघण्यापूर्वी दुपारी दोन वाजता अंतर पुन्हा मोजले. ६.३ मीटर. बिराप्पा यांनी खुर्ची तिसऱ्यांदा हलवली. या वेळी कोरडी व सपाट जागा पाहत ते ढिगाला वळसा घालून त्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले आहेत. पाणी आणि ढीग यांच्या मध्ये आता कोणी नाही.