सासूबाईंनी पाहिलेली अस्वलीण

कुरकुंभ, ता. दौंड
१२ डिसेंबर २००३

तीर्थस्वरूप दादांस करुणाचा सविनय जयभीम.

तुम्ही, वहिनी आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. (वहिनींच्या कंबरेचं त्यांच्याच हातून लिहवून पाठवा. तुम्ही नुसतं ‘बरी आहे’ लिहिता.) इकडं आम्ही बरे आहोत. केमिकल कंपन्यांचा वास हल्ली येत नाही, म्हणजे नाकाला सवय झाली.

लग्नाला दोन वर्षं होऊनही आमच्याकडं पाळणा हलला नाही, म्हणून सासूबाई रोज माझी उलटतपासणी घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दिवाळीआधी यांची सेकंड शिफ्ट होती. मालिका लावताना सासूबाईंच्या हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर काळी अस्वलीण आली. होती अमेरिकेतली, पण समजावत होते हिंदीतून. ती चार-पाच वर्षांची होऊन अंगानं भरल्याशिवाय तिला पिल्लं होत नाहीत. उन्हाळ्यात नराची गाठ पडली तरी गर्भ थांबून राहतो. थंडीआधी खाऊन अंगावर चरबी चढली तरच तो रुजतो आणि हिवाळ्यात गुहेत पिल्लं होतात, नाहीतर नाही. (थोरल्या भावाला हे लिहिताना लाज वाटते, पण टीव्हीवाल्यांना काही वाटली नाही.)

“म्हंजी अंगात ताकद न्हाई तर पोर न्हाई?” सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दुसऱ्या दिवसापासून शेंगदाण्याचे लाडू, खारीक, तूप आणि दुपारची सक्तीची झोप. शेजारच्या सिंधूबाई भेटायला आल्या, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं, “निजलीय ती. थंडी सरेपतुर उठवू नगा.” माझ्या सगळ्या ब्लाउजांच्या शिवणी उसवाव्या लागल्या. मग मला दौंडला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त खरंच कमी निघालं. त्या दिवसापासून सासूबाईंची उलटतपासणी बंद झाली.

परवा लाडू वळता वळता त्या आपणहून बोलल्या. “माझं लगीन झालं तवा मला न्हाण बी आलं नव्हतं. पंधराव्या वर्षी पहिलं पोर. ते गेलं. दुसरं बी गेलं. लोक म्हनले, हिचा पायगुणच वाईट. पोरीचं अंगच तयार न्हाई, हे कुनी म्हनलं न्हाई. त्या जनावराचं अंग तरी थांबतं, बाई. आमाला कुनी थांबूच दिलं न्हाई.”

त्यांचा हात थांबला नव्हता. मी परात जवळ ओढली आणि त्यांच्याबरोबर वळत बसले.

मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
करुणा

ता. क. : शिक्रापूरच्या मंडळींशी आपल्या राजश्रीचं लग्न पक्कं करून जानेवारीत साखरपुडा उरकायचा, असं कळलं. दादा, तुमची लेक अजून दहावीत आहे. थांबा. एवढं लांबण लावलं ते हे एवढंच लिहिण्यासाठी.

दुसरा ता. क. : सासूबाईंनी पत्र वाचून घेतलं. म्हणाल्या, “लिव्ह, मी सोमवारच्या यष्टीनं येतीया. काय बोलायचं ते दादांनी माझ्याशी बोलावं.” तेव्हा स्टँडवर कुणाला तरी पाठवा. परत कधी निघणार, ते त्यांनी सांगितलेलं नाही.